पसरणी घाटात पाय खाली गेला : एका हॅचबॅकच्या ब्रेकचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी सात वर्षांची, ६८ हजार किलोमीटर चाललेली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे आतून हवा खेळणाऱ्या डिस्क आणि मागे ड्रम. मालक पुण्यातला, पस्तिशीच्या आतबाहेरचा. त्याला इथे अमेय म्हणू. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशीलही गाळले आहेत. गाडीवर जीव. इंजिनाचं ट्यूनिंग आधीच करून घेतलेलं, सस्पेन्शन थोडं कडक केलेलं. ब्रेकला मात्र सात वर्षांत पॅड बदलण्यापलीकडे कुणी हात लावला नव्हता. तेही ४० हजारला, जवळच्या दुकानात मिळाले ते.

मी आधी ब्रेकच्या चाचणी विभागात नोकरी केली, आता माझं छोटं वर्कशॉप आहे. अमेय माझ्याकडे आला तो एका कोटेशनचा कागद घेऊन: चार पिस्टनचे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारे भाग), ३१२ मिलिमीटरच्या डिस्क, स्टीलच्या जाळीचे होज, आणि एवढी मोठी डिस्क जुन्या १५ इंची चाकात मावणार नाही म्हणून नवीन अलॉय. सगळं मिळून एक लाख नव्वद हजार. त्याचा प्रश्न सरळ होता. ‘काका, हे घ्यावं का?’

नेमकं काय घडलं होतं

दोन आठवड्यांपूर्वी चौघं जण सामानासह पाचगणीहून वाईला उतरत होते. रविवार संध्याकाळ, पुढे गाड्यांची रांग, वेग तीस-चाळीसचा. पसरणी घाट अर्धा उतरल्यावर जळका वास आला. एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल स्पंजासारखं मऊ होऊन जवळजवळ जमिनीला टेकलं. दोन-तीनदा पंप केल्यावर गाडी कशीबशी धरली. बाजूला घेऊन अर्धा-पाऊण तास थांबले, आणि मग पेडल पूर्ववत! घरापर्यंत काहीही त्रास नाही.

मागच्या सीटवर त्याचे वडील होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. घाट सुरू झाल्यापासून ते ‘गिअर टाक रे, गाडी सुटल्यासारखी चालली आहे’ म्हणत होते आणि मुलगा ‘बाबा, ऑटोमॅटिक आहे, ती बघते तिचं ती’ म्हणत होता.

यात भर म्हणजे दोन महिन्यांनी कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्याचा दिवस, होता आणि त्याचे पैसे भरून झाले होते. म्हणजे प्रश्न दोन होते, घाटाचा आणि ट्रॅकचा. कोटेशनवाल्याने दोन्हींना मिळून एकच उत्तर दिलं होतं.

पहिला निर्णय : आधी पेडलचं ऐकायचं

ब्रेक तापून कमी पडतात ते मुख्यतः दोन प्रकारे, आणि दोन्ही पायाला वेगवेगळे जाणवतात. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की पेडल कडकच राहतं, पण कितीही जोर लावला तरी गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पाय नुसताच खाली जातो. गार झालं की वाफेचं परत द्रव होतं आणि पेडल परत येतं. अमेयची कहाणी सरळ दुसऱ्या प्रकारची. वास पॅडचा होता हे खरं, पण ब्रेक सुटला तो ऑइलमुळे.

‘ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस?’ या प्रश्नावर तो गप्प. सर्व्हिसची सगळी बिलं त्याने जपून ठेवली होती. सात वर्षांत ‘टॉप-अप’ हा शब्द तीनदा आला होता, ‘बदललं’ एकदाही नाही.

ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डीओटी ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच किमान आकडा १५५ वर येतो. आमच्या साध्या पेन-टेस्टरने टाकीतल्या ऑइलला लाल दिवा दाखवला, म्हणजे ३ टक्क्यांच्या वर पाणी. कॅलिपरच्या निपलमधून (ऑइल आणि हवा काढायच्या तोंडातून) काढलेलं ऑइल तर काळ्या चहासारखं होतं.

आता उष्णतेचा हिशोब. चार माणसं आणि सामान धरून गाडी दीड टनाची. पाचगणी ते वाई उंचीतला फरक पावणेसहाशे मीटरच्या आसपास. एवढं वजन एवढं खाली आणायचं तर साधारण साडेआठ हजार किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी १०० वरून एकदा पूर्ण थांबवायला पावणेसहाशे किलोज्यूल लागतात. म्हणजे तो घाट उतरणं हे शंभरवरून चौदा-पंधरा वेळा थांबण्याइतकं काम, तेही वेग कमी आणि डिस्कला वारा बेताचा असताना. यातला चांगला वाटा इंजिनाने उचलायचा असतो. पण ही गाडी ‘डी’मध्ये उतारावर वरचा गिअर घेत राहते, इंजिन जवळजवळ काहीच धरत नाही. मग सगळा भार पॅडवर. वडील जे म्हणत होते ते अक्षरशः बरोबर होतं. लिव्हर मॅन्युअलला टाकून दुसऱ्या गिअरवर धरली असती तर कदाचित हा लेख लिहायची वेळच आली नसती.

चाकं काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पुढच्या डाव्या कॅलिपरच्या सरक-पिना वाळलेल्या ग्रीसमुळे जाम होत्या. आतला पॅड ३ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ७. एक पिस्टनचा कॅलिपर पिनांवर सरकला नाही तर तो एका बाजूने घासत राहतो आणि विनाकारण तापतो.

समोरचे पर्याय

कोटेशनमधल्या मोठ्या ब्रेकच्या किटबद्दल आधी बोलतो, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. लाल कॅलिपर चाकातून छान दिसतात, हे मी नाकारत नाही. पण मोठे ब्रेक गाडी लवकर थांबवतात हा समज एका प्रश्नावर अडतो: कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर आजचे ब्रेक एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू करू शकतात का? करू शकत असतील तर टायरची पकड संपेपर्यंतची ताकद त्यांच्यात आहेच. त्यापुढे थांबायचं अंतर टायर ठरवतो. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता साठवायला आणि टाकायला होतो, म्हणजे एकामागून एक अनेकदा जोरात ब्रेक मारताना.

शिवाय त्या किटचा आकडेवार हिशोब मी कागदावर करून दाखवला. गाडीच्या मूळ कॅलिपरला ५४ मिलिमीटरचा एक पिस्टन. किटच्या कॅलिपरला एका बाजूला ३८ आणि ४२ चे दोन. क्षेत्रफळ सुमारे १० टक्के जास्त. डिस्क २८८ वरून ३१२, म्हणजे पॅड जिथे धरतो ती त्रिज्याही १० टक्क्यांच्या आसपास जास्त. दोन्ही मिळून त्याच दाबाला पुढची चाकं २० टक्के जास्त जोराने धरणार, मागचे ड्रम मात्र होते तिथेच. कंपनीने पुढे-मागे वाटणी करून ठेवलेली असते, ती यात बिघडते. पुढची चाकं लवकर पकड सोडतात, एबीएस लवकर मध्ये येतो, मागच्या टायरची पकड वापरायची राहूनच जाते. वर पिस्टनचं क्षेत्रफळ वाढल्यामुळे जुन्या मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) पेडल थोडं लांब जातं. अशा किटने थांबायचं अंतर वाढूही शकतं. पुढे-मागे नीट जुळवलेली किट असतात, नाही असं नाही. पण हा कागद तसा जुळवलेला नव्हता.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करण्यावर मर्यादा घालतं. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाकामागे काय आहे ते बघतोच.

भोकं पाडलेल्या डिस्क मी पहिल्याच वाक्यात बाद केल्या. ट्रॅकवर तापून-गार होऊन भोकांच्या कडेपासून तडे जातात. खाचांच्या डिस्क चालतात, पण पॅड लवकर खातात. स्टीलच्या जाळीच्या होजने पेडल कडक लागतं, अंतर कमी होत नाही. मूळ रबरी होज फुगलेले किंवा तडकलेले नव्हते, त्यामुळे ते ठेवले.

उरले ऑइल, पॅड आणि टायर. टायर हा शब्द कोटेशनमध्ये कुठेच नव्हता. टायरच्या बाजूवर छापलेले शेवटचे चार आकडे (कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते सांगणारे) गाडीच्याच वयाचे होते. नक्षी अजून उरलेली, पण रबर नखाला दगडासारखं लागत होतं.

काय केलं, आणि कुठे अडलो

पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं. ऑइल काढून डीओटी ५.१ भरलं, ताज्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २६०, पाणी मुरल्यावर १८०. (डीओटी ५ हे वेगळं प्रकरण, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. आकडा जवळचा म्हणून गल्लत होते.) रस्त्यासाठी ‘एफएफ’ खुणेचे पॅड घेतले. पॅडच्या कडेवर जी दोन अक्षरं असतात त्यातलं पहिलं गार असतानाचं घर्षण सांगतं, दुसरं गरम असतानाचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. त्याच्या जुन्या पॅडवर ‘ईई’ होतं, म्हणजे ०.२५ ते ०.३५. ही अक्षरं दर्जाची हमी देत नाहीत, पण ज्यावर काहीच छापलेलं नाही असा पॅड मी बसवत नाही.

हवा काढून झाली आणि पेडल तरीही लांबच. पुन्हा ब्लीड केलं. तिसऱ्यांदा केलं. एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा अडकली असेल म्हणून स्कॅनर लावून पंप फिरवला. अर्धा दिवस असा गेल्यावर आमच्या मिस्त्रींनी कंटाळून मागचा ड्रम उघडला. लायनर (ड्रमला आतून घासणारा भाग) आणि ड्रम यांच्यातली फट आपोआप जुळवणारा अ‍ॅडजस्टर गंजून अडकला होता. पेडलचा अर्धा प्रवास लायनर ड्रमपर्यंत पोचवण्यातच खर्च होत होता. तो सोडवला, फट जुळवली, पेडल वर आलं. सगळं लक्ष पुढच्या डिस्ककडे, आणि दोष ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही त्या ड्रममध्ये.

मग मोजमाप. एका औद्योगिक वसाहतीतल्या परवानगी घेतलेल्या खासगी रस्त्यावर जीपीएस लॉगर लावून ताशी ८० वरून पूर्ण ब्रेक, प्रत्येक टप्प्याला पाच फेऱ्या, मधे गार होऊ देऊन. काम करण्याआधी सरासरी ३१.६ मीटर. नवे पॅड, नवं ऑइल, जुळवलेले ड्रम, टायर तेच : ३१.२. हा फरक मोजण्याच्या चुकीत बसतो. एबीएस आधीही चालू होत होता, नंतरही झाला. अमेयचा चेहरा पडला. त्याला ‘चावा’ छान वाटत होता, कमी पाय लावून गाडी थांबत होती, मग आकडा का हलत नाही?

पुढच्या शनिवारी चार नवे टायर टाकून तोच रस्ता. २७.६ मीटर. चार मीटर हा तसा गाडीच्या लांबीएवढा फरक, पण त्याकडे असं बघा: जिथे नव्या टायरची गाडी उभी राहिली, तिथे जुन्या टायरची गाडी अजून ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वेगात असते. झेब्रा क्रॉसिंगवर हा आकडा फार मोठा आहे.

दुसरा निर्णय : ट्रॅकसाठी वेगळं की तेच

ट्रॅकचा हिशोब घाटापेक्षा वेगळा निघतो. समजा एकटा चालक, गाडी बाराशे किलोची, एका फेरीत चार वेळा १३० वरून ६० वर ब्रेक, आणि फेरी दीड मिनिटाची. सरासरी २७ किलोवॅटच्या आसपास उष्णता. पसरणीचं तेच गणित, वीस मिनिटांत उतरलो आणि इंजिनाने काहीच धरलं नाही असं मानलं तरी, सात किलोवॅट. ट्रॅक जवळजवळ चौपट. इथे रस्त्याचा पॅड टिकणार नाही हे मला माहीत होतं. डीओटी ५.१ लाही मी भरवसा दिला नसता. म्हणून ट्रॅकला जाण्याआधी ३०० अंशांपेक्षा जास्त उत्कलनबिंदू असलेलं रेसिंगचं ऑइल भरलं आणि उच्च तापमानाच्या पॅडचा एक संच सोबत दिला. पॅड तिथे पोचल्यावर बदलायचे, परत निघताना काढायचे, असं ठरलं. पुणे ते कोइमतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास, आणि तो ती गाडी चालवतच जाणार होता.

पर्याय आणखी एक होता, मोठं किट फक्त ट्रॅकसाठी घेण्याचा. वर्षातून एक-दोन ट्रॅक डे आणि बारा-बारा मिनिटांची सत्रं, यासाठी मी ते नाकारलं. महिन्याला ट्रॅकवर जाणारा कुणी असता, किंवा गाडीची ताकद दुप्पट असती, तर मी स्वतः मोठ्या डिस्क सुचवल्या असत्या. पॅड आणि ऑइल बदलूनही डिस्कच्या लोखंडात उष्णता मावत नसेल तेव्हा लोखंड वाढवण्याशिवाय इलाज नसतो.

ट्रॅकवर आणि परतीच्या वाटेवर

दिवस चांगला गेला. पहिली दोन सत्रं निर्वेध. तिसऱ्याच्या शेवटी पेडल किंचित लांब वाटलं, तो एक फेरी ब्रेक न लावता सावकाश फिरून बाहेर आला. पिटमध्ये हँडब्रेक लावला नाही, ‘पी’मध्ये टाकून चाकाला ठोकळा दिला. हे सगळं आम्ही आधी बोललो होतो.

चूक झाली ती संध्याकाळी. दमलेला होता, अंधार पडत होता, पॅड बदलायचा कंटाळा आला. ट्रॅकचे पॅड तसेच ठेवून निघाला. हे पॅड गार असताना सुस्त असतात. त्यांचा जोर तापल्यावर येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कर्नाटकात एका टोलनाक्यावर पहिलाच जोराचा ब्रेक लागला तो अपेक्षेपेक्षा खूप उशिरा. पुढच्या ट्रकपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. त्याने तिथूनच मला फोन केला. मी रागावलो, पण खरं तर माझीही चूक होती: ‘परत येताना काढ’ एवढंच मी म्हणालो होतो, न काढल्यास काय होईल ते सांगितलं नव्हतं.

पुण्यात आल्यावर रस्त्याचे पॅड परत बसवले आणि आठवडाभरात नवी तक्रार. ९० च्या वेगाला ब्रेक लावला की स्टीअरिंग थरथरतं. एका ओळखीच्याने ‘डिस्क वाकली, बदल’ असं सांगून टाकलं. डायल गेज लावून मोजलं तर लचक ०.०३ मिलिमीटर, अगदी ठीक. डिस्कची जाडीही तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा बरीच वर. ट्रॅकच्या पॅडचा थर डिस्कवर असमान बसला होता आणि त्याच्यावर वेगळ्या मसाल्याचा पॅड घासत होता. डिस्क पॉलिश पेपरने घासली, मग मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता, आणि नंतर गार होईपर्यंत सावकाश चालवणं. थरथर जवळजवळ गेली. हलकीशी अजून आहे असं तो म्हणतो. मला जाणवत नाही.

खर्च

ऑइल, रस्त्याचे पॅड, पिना, ड्रमचं काम मिळून साडेनऊ हजार. टायर एकतीस हजार. ट्रॅकचे पॅड आणि रेसिंगचं ऑइल अठरा हजार. एक लाख नव्वद हजारांच्या कागदासमोर साडेअठ्ठावन्न. त्यातले ट्रॅकचे अठरा हजार हा शौकाचा खर्च. घाटासाठी साडेनऊ हजार पुरेसे होते, आणि टायर तर कधी ना कधी घ्यायचेच होते.

आज पुन्हा करायचं तर

टायर सगळ्यात आधी बदलले असते. पॅड बदलून अंतर मोजायचं आणि मालकाला निराश करायचं, हा क्रम माझ्या हौसेचा होता. त्याच्या गरजेचा नव्हता. मधल्या आठवड्यात तो जुन्या टायरवर शहरात फिरत होता.

ब्लीड करण्याआधी मागचे ड्रम उघडले असते. पेडल लांब असेल तर आधी ड्रमची फट बघायची हे मी पंचवीस वर्षांपूर्वी शिकलो होतो.

पॅडच्या दोन संचांबद्दल माझं मन अजून पक्कं नाही. मधल्या जातीचे, रस्त्यावरही चालतील आणि ट्रॅकच्या छोट्या सत्रांतही तग धरतील असे पॅड मिळतात. त्यांनी तिसऱ्या सत्रात कदाचित माघार घेतली असती, पण टोलनाक्यावरचा प्रसंग टळला असता. पॅड स्वतः बदलण्याची सवय आणि शिस्त असलेल्या माणसाला दोन संच द्यावेत. अमेयला तेव्हा ती नव्हती.

आणि पहिल्याच दिवशी त्याला पुन्हा पसरणी घाटात घेऊन जायला हवं होतं, मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गिअरवर. ते आम्ही चार महिन्यांनी केलं, वडील पुढच्या सीटवर. खाली वाईत पोचल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढच्या डिस्क बघितल्या: एक ११८ अंश, दुसरी १२५. वडिलांनी आकडा विचारला, मान हलवली आणि चहा सांगितला.

रेसिंगचं ऑइल पाणी लवकर पितं म्हणून ते दर वर्षी बदलायचं ठरलं आहे. ट्रॅकचे पॅड डावा-उजवा लिहून बिस्किटाच्या डब्यात ठेवले आहेत. आता तो मागच्या ड्रमच्या जागी डिस्क बसवायचं विचारतो आहे. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.